खालच्या खणाचा निळा दिवा

माझ्या थोरल्याला कुणी सांगितलेलं खपत नाही. "पुढे खड्डा आहे" म्हटलं, की हा मुद्दाम त्याच वाटेने जाणार.

लिहितेय ते खरं आहे. चौथी शिकलेली बाई मी, रचून सांगायची अक्कल मला नाही. रविवारची भर दुपार. आमच्या फोटो स्टुडिओची मागची खोली. मी, थोरला आणि धाकटी सून.

तिथला सर्व्हर माझ्या धाकट्याने उभा केलेला. दोन खण, दोन डिस्क. म्हणायचा, "आई, जे वरच्यात तेच खालच्यात. एक मेली तरी दुसरी सांभाळते."

डिस्क बिघडली की मोबाइलवर मेसेज यायचा. मग तो कंप्युटरवरून हुकूम द्यायचा आणि बिघडलेल्या खणाचा निळा दिवा लुकलुकायचा. तोच खण ओढायचा. दुसऱ्याला बोट लावायचं नाही.

धाकटा तापाने गेला. मागे बायको आणि रांगती पोर. पोरीसाठी त्याने आजारपणात आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. गोष्टी, हाका, हसणं. सगळं त्या सर्व्हरवर. दुसरीकडे कुठेच नाही.

मेसेज मग थोरल्याला यायला लागले. त्याने ते बंदच करून टाकले. "उगाच कटकट!"

शेवटी सर्व्हर रडतखडत चालायला लागला, तेव्हा आमचे थोरले साहेब नवी डिस्क घेऊन हजर.

"भाऊजी, माहितगार माणसाला बोलवा ना," सून म्हणाली.

"मग मी काय माशा मारतो इथे? वरची घरघरतेय, तीच खराब."

त्याने वरच्या खणाला हात घातला.

तेवढ्यात...

खालचा निळा दिवा लागला.

लुकलुक. लुकलुक.

कंप्युटर बंद होता. हुकूम देणारं कुणी नव्हतं.

"भाऊजी, खालचा!"

"वायर सैल असेल." त्याने दिव्यावर चिकटपट्टी मारली.

पट्टीतून उजेड झिरपतच राहिला... आणि माझ्या मागे खुर्ची करकरली.

धाकट्याची खुर्ची. रिकामी.

"अरे, थांब!" मी ओरडले.

थांबेल तो थोरला कसला! वरची ओढलीच, तिच्या जागी नवी सरकवली.

गिऱ्हाइकांचे फोटो बाहेर जाऊ नयेत, म्हणून जुनी डिस्क आम्ही ड्रिलने भोकं पाडून टाकतो. पण नवीत सगळं उतरलं का, ते आधी बघायचं असतं. याने बघितलं नाही. ड्रिल चालवलं.

घरघर थांबलेली...

पट्टीमागचा उजेडही गेला.

खालची डिस्क कधीचीच मेली होती. वरची एकटी ओझं वाहत होती, म्हणून घरघरत होती. जिवंत असतं तेच आवाज करतं, एवढं मला चौथीत कळलं होतं.

सून भोकं पडलेली डिस्क कानाला लावून बसली. कितीतरी वेळ.

मागाहून माहितगार आला. म्हणाला, "आजी, हा दिवा आपोआप लागत नाही. कुणीतरी लावावा लागतो."

सर्व्हर आता वायर काढून कोपऱ्यात पडलाय. तरी मी खोलीत गेले, की खालच्या खणात... लुकलुक.

आता काय दाखवतोय, कळत नाही. मी पाठ फिरवत नाही. उलट्या पावलांनी बाहेर येते.

काल थोरला जेवता जेवता म्हणाला, "झालं गेलं सोड ना आई. मशीनच ते, चालायचंच."

मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"माझ्या लेकाला एकदा तापाने नेलं. दुसऱ्यांदा तू. तापाला निदान डोळे नव्हते."