पडद्याच्या आतला कॅमेरा

दार लोटून घ्या रे, आणि जवळ सरका. कॅमेरे विकून विकून काकांचं काळीज दगडाचं झालं असं म्हणता ना, मग हे ऐकाच. आमच्या लंबूच्या बाबतीत घडलेलं आहे. लंबू माझ्याकडे कामाला होता, कॅमेरे बसवायचा. टाचा उंचावल्या की त्याचा हात छताला टेकायचा.

दवाखान्याला माल देताना मी एकच सांगतो. दारावर लावा, काउंटरवर लावा, बाकांवर लावा, आणि वर ठळक पाटी लावा की इथे चित्रण होतंय. पण जिथे पेशंट कपडे काढतो तिथे नाही म्हणजे नाही. कायदा तेच सांगतो. नसता कायदा, तरी अक्कल सांगतेच की! लंबूने माझ्या पाठीमागे एका डॉक्टरच्या तपासणीच्या खोलीत कॅमेरा बसवला. पडद्याच्या आत, टेबलाच्या बरोबर वर. डॉक्टर म्हणे, "चोऱ्या होतात." काय चोरणार, कापूस?

व्हायचं तेच झालं. एका बाईचं चित्रण डॉक्टरच्या मोबाइलमधून बाहेर पडलं आणि घरोघर पोचलं. तिच्या नवऱ्यापर्यंतही. तिने विहीर जवळ केली.

तिच्या भावाने तक्रार केली. सोमवारी चौकशीची माणसं येणार होती. डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, रात्री साडेनऊला, डॉक्टरने लंबूला बोलावलं.

"सगळं पुसून टाक आणि तो कॅमेरा काढ. कुणी विचारलं तर आत कधी नव्हताच."

"साहेब, पण ती बाई..."

"तूच बसवलास ना? मग तूही माझ्याबरोबर आत जाशील. कर काम."

लंबूच्या घरी दोन लेकी. अवजारांची पिशवी तपासणीच्या टेबलावर टाकून तो बाहेर आला. डॉक्टरचा छोटा मॉनिटर बिघडला होता, म्हणून लंबूने चित्रण साठवणाऱ्या यंत्राची तार बाकांसमोरच्या मोठ्या टीव्हीला जोडली. टीव्हीचं तोंड काचेच्या दाराकडे, दारापलीकडे रस्ता.

चार चौकोन उमटले. दार, काउंटर, बाकं, तपासणीची खोली.

चौथ्या चौकोनात टेबलावर एक बाई बसली होती. मान खाली, चेहरा दिसत नव्हता. अंगाभोवती चादर.

लंबू आत धावला. टेबल रिकामं. बाहेर आला. बाई तिथेच.

"जुनं चित्रण असेल, गाढवा," डॉक्टर म्हणाला.

"साहेब... तिच्या शेजारी माझी पिशवी आहे. आत्ता ठेवलेली."

डॉक्टर शिवी हासडून आत गेला. लंबू टीव्हीकडे बघत राहिला.

चौकोनात डॉक्टर दिसला. त्याला ती दिसत नव्हती. तिच्या अगदी समोर उभा राहून तो कोपरे धुंडाळत होता.

बाई उठली. सावकाश पडदा ओढला. खोलीतून कड्यांचा आवाज आला... खरा आवाज.

मग तिने मान वर केली. थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

बाकीचे तीन चौकोन विझले. चौथा वाढला. वाढत वाढत अख्ख्या टीव्हीवर पसरला.

डॉक्टर शर्टाची बटणं काढत होता. रडत होता. हात त्याचेच, पण त्याचं ऐकत नव्हते. एकेक कपडा उतरला. मग तो टेबलावर चढला. निजला. बाई उशाशी उभी होती. काही करत नव्हती.

बघत होती.

"बंद कर रे! बघू नकोस... कुणी बघू नका!"

लंबूने तार उपटली. टीव्ही चालूच.

दाराबाहेर रस्त्यावरची माणसं थांबली होती. आधी दोघं. मग वीस-पंचवीस. काचेला नाकं लावून. कुणीतरी मोबाइल वर धरला. मग सगळ्यांनीच.

कुणी हसलं नाही.

डॉक्टर अजून जिवंत आहे. भावाच्या घरी असतो, माळ्यावर. खिडक्यांना कागद चिकटवलेत. जेवण दारातून आत सरकवावं लागतं. कुणाची नजर पडली की दोन्ही हातांनी अंग झाकतो आणि किंचाळतो. लंबूने सोमवारी चौकशीत सगळं खरं सांगितलं, शिक्षा भोगली. आता भाजी विकतो.

चौकशी संपल्यावर तो कॅमेरा माझ्याकडे आला. त्याचं कवच कारखान्यातूनच सीलबंद येतं, त्या सीलला आजवर कुणाचा हात लागलेला नाही. त्याच्या काचेवर एका बाईचा पंजा उमटलाय, पाचही बोटं स्पष्ट. मी फडक्याने पुसला. स्पिरिटने पुसला. जात नाही.

तो आतल्या बाजूने आहे.