उष्टा राउटर

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगते ते माझ्या घरात घडलंय, आणि भर दुपारी घडलंय.

अंधार नव्हता. वीज गेली नव्हती. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि वरच्या मजल्यावर कुणाचं तरी वॉशिंग मशीन घरघरत होतं.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. लोकांची थुंकी, लघवी, संडास. डब्यांवर नावं चिकटवायची, काचेवर पातळ पसरायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं. अकरा वर्षं झाली. हात धुते आणि त्याच टेबलापासून चार पावलांवर बसून डबा खाते. किळस माझ्या धंद्यात परवडत नाही.

आता मात्र मी चारचौघांत बसून जेवू शकत नाही.

गेल्या वर्षी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मी, नवरा आणि सासरे. नवरा शाळेच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतो. सासऱ्यांना आम्ही दोघंही बाबा म्हणतो. आयुष्यभर त्यांनी इमारतींचे नकाशे काढले. अंगानं भरलेले, खाण्याचे शौकीन. ते जेवायला बसले की पातेल्याला घाम फुटायचा, असं सासूबाई म्हणायच्या.

फ्लॅट चांगला होता, पण भिंती जाड. इंटरनेटवाल्यानं दिलेला डबा पुढच्या खोलीत होता आणि नवऱ्याचं टेबल मागच्या खोलीत. गणित अर्ध्यावर आलं की त्याचा चेहरा पडद्यावर गोठायचा. मुलांना मजा. त्यांच्या आयांना नाही. दोघींनी मुलं काढून घेतली. म्हणून चांगला राउटर घ्यायचं ठरलं.

गल्लीच्या टोकाला दुरुस्तीचं दुकान आहे. मालकाच्या कानामागे कायम टेस्टर खोचलेला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणतात.

मी त्याला चार अँटेनांचा एक नवा राउटर दाखवायला सांगितला.

"किती खोल्या?" त्यानं विचारलं.

"तीन."

"मग चार शिंगं कशाला? म्हैस पाळायचीये का? ताई, शिंगं मोजू नका. दोन बँडचा घ्या. एक बँड भिंतीतून जातो, दुसरा वेगानं पळतो. आणि ठेवायचा घराच्या मधोमध, उंचावर. कोपऱ्यात कोंबला तर लाखाचा राउटरही रडेल."

दोन बँडचे नवे आमच्या आवाक्याबाहेर होते. मग त्यानं खालच्या फळीवरून एक काढला. काळा, जुना, पण चांगल्या बनावटीचा.

"हा घ्या. एका घराचं सगळं सामान विकायला आलं होतं, त्यातला. मी रिसेट केलाय. अगदी निम्म्यात देतो."

मी हातात घेतला. बोटांना काहीतरी लागलं... चिकट.

"स्टिकरचा गोंद आहे," तो म्हणाला. "पुसला की जाईल."

घराचा मध्य म्हणजे बाबांची खोली. त्यांच्या पलंगाच्या उशाशी फळी होती. तिथे ठेवला.

इंटरनेट झकास चालू झालं. नवरा खूश.

मी ओल्या फडक्यानं राउटर पुसला. फडकं तपकिरी झालं. धुतलं, परत पुसला. परत तपकिरी. स्पिरिट लावून पुसला. तेव्हा कुठे कोरडा झाला.

दुसऱ्या दिवशी हात लावला...

चिकट.

आणि एक वास. कवळी रात्रभर ज्या पाण्यात ठेवतात, त्या पाण्याचा असतो तसा. बाबांना कवळी नाही. त्यांचे दात अजून स्वतःचे आहेत.

त्याच आठवड्यात बाबांचं जेवण कमी झालं. आधी वाटलं उन्हाळा आहे. मग वाटलं नवी जागा. एक दिवस मी त्यांच्यासमोर उकडलेला बटाटा आणि लोणी ठेवलं, त्यांच्या आवडीचं. त्यांनी घास तोंडात घातला आणि हळूच परत ताटात काढला.

"काय झालं बाबा? मीठ जास्त झालं का?"

ते ओशाळले. "नाही गं पोरी. तुझा दोष नाही. पण... हे उष्टं आहे."

"आत्ता तुमच्यासमोर सोललाय मी."

"माहितीये. तरी उष्टं लागतं. कुणीतरी आधीच चावून ठेवल्यासारखं. कोमट... बुळबुळीत."

मी केळं सोलून दिलं. तेही उष्टं. दूधही उष्टं. पाणीसुद्धा.

डॉक्टरांनी जीभ बघितली, घसा बघितला. मी स्वतः त्यांचं रक्त काढून नेलं. सगळं ठीक. बाबांचं वजन मात्र महिन्यात सहा किलोनं उतरलं. गळ्याची कातडी लोंबायला लागली. टेबलापर्यंत चालायचं तर भिंतीला धरून.

मग फोन सुरू झाले.

"सर, एक सांगू का? राग मानू नका," एका मुलीची आई म्हणाली. "शिकवताना मागे कुणाला तरी खायला बसवू नका. फार आवाज येतो."

नवऱ्याला कळेना. क्लास चार ते सहा. त्या वेळी मी लॅबमध्ये आणि बाबा पलंगावर झोपलेले.

दुसऱ्या दिवशी आणखी एक फोन. तिसऱ्या दिवशी एका मुलानं वर्गातच विचारलं, "सर, काय खाताय?" सगळे हसले.

नवऱ्यानं माइक बदलला. आवाज तसाच. मग त्यानं वायफाय बंद करून मोबाइलच्या इंटरनेटवर क्लास घेतला. मुलं म्हणाली, आज आवाज नाही. वायफाय लावला...

आला.

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघांनी क्लासचं रेकॉर्डिंग ऐकलं. नवरा त्रिकोणाचे कोन समजावतोय, आणि त्याच्या आवाजाखाली...

चप. चप. चप.

तोंड उघडं ठेवून चावणं. मग ओलं गिळणं. मग बोटं चाटल्यासारखं. मग परत चप, चप. पूर्ण दोन तास. कुठे खंड नाही, घाई नाही.

खोलीत तो आवाज आम्ही कधीच ऐकला नव्हता. खोलीत तो नव्हताच. तो फक्त राउटरमधून पलीकडे पोचत होता.

मी उठून बाबांच्या खोलीत गेले. ऊन थेट फळीवर पडलं होतं. राउटरच्या मागच्या भोकांतून, जिथे केबल घालतात तिथून, काहीतरी बारीक तार धरून खाली येत होतं. पारदर्शक. बाबांच्या उशीच्या अभ्र्यावर रुपयाएवढा ओला डाग पडला होता.

मी हातमोजे घातले आणि त्याचा नमुना घेतला. सवयच आहे हाताला.

सोमवारी लॅबमध्ये, चहाच्या सुट्टीत, मी ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. निळा रंग घातला होता.

मला झुरळांची घाण दिसेल असं वाटलं होतं. गरम डब्यात झुरळं राहतात, टेस्टरनंच सांगितलं होतं.

दिसल्या त्या पेशी. चपट्या, कडा दुमडलेल्या, मधे ठिपका. माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूला असतात त्या. मी त्या हजारदा बघितल्यात. दुसऱ्या काचेवर आयोडीन टाकलं तर बारीक कण काळेनिळे झाले. पिष्ट. म्हणजे भात, बटाटा, पाव, असलंच काहीतरी.

ती लाळ होती. ताजी. खाताना सुटते तशी.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी लॅबच्या बेसिनमध्ये ओकले.

संध्याकाळी राउटर पिशवीत घालून टेस्टरकडे गेलो. त्यानं पिशवीत हात घातला, झटकन काढला, पँटला पुसला.

"कुणाच्या घरातला होता हा?" नवऱ्यानं विचारलं.

त्यानं हात परत एकदा पँटला पुसला. "एक म्हातारे होते. एकटे. पुतणीनं सामान काढलं. शेवटी शेवटी त्यांना तोंडानं खाता येत नव्हतं म्हणे, नाकात नळी घातली होती. दिवसभर मोबाइलवर लोक जेवतानाचे व्हिडिओ बघायचे आणि रिकामं तोंड हलवायचे."

मला किळस येत होती आणि किळस येते याची लाजही वाटत होती. उपाशी गेलेला माणूस.

"ठेवून जा," टेस्टर म्हणाला. "पैसे परत करतो."

पण बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "नको. उद्या परत आणा तो."

"बाबा, काय बोलताय?"

"भुकेलेल्या माणसाला असं हाकलतात का? एकदा पोटभर जेवू दे त्याला. माझ्यासोबत."

नवरा खूप चिडला. बाबा ऐकेनात. तसंही, राउटर घरात नसताना त्या रात्रीही त्यांना घास उष्टाच लागला होता. आमच्याकडे दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राउटर परत लावला. बाबा टेबलाशी बसले, राउटर समोर. मी मऊ भात, बटाटा, अंडं, दूध सगळं वाढलं. नवऱ्यानं मागच्या खोलीतून माझ्या फोनवर कॉल जोडून ठेवला.

बाबांनी पहिला घास घेतला. त्यांचा चेहरा आक्रसला. डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी चावला आणि गिळला.

फोनमधून... चप. चप.

दुसरा घास. चप. चप. बाबांच्या बरोबरीनं. एकाच लयीत.

बाबांच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. त्यांच्या तोंडात मावेल त्याच्या दुप्पट लाळ. मी पुसायला पुढे झाले, त्यांनी हातानं थांबवलं. "राहू दे," ते भरल्या तोंडानं म्हणाले. "माझी नाहीये ती."

ताट संपेपर्यंत मी तिथे उभी राहिले. कशी राहिले मला माहीत नाही.

शेवटच्या घासानंतर फोनमधून एक लांब ढेकर आली.

मग शांत.

बाबांनी दुधाचा घोट घेतला. थांबले. परत घेतला. "गोड आहे," ते म्हणाले. "दूध आहे हे. नुसतं दूध."

नवरा मागच्या खोलीतून धावत आला आणि मी त्याला मिठी मारून रडले. बाबा त्या रात्री दोनदा जेवले.

राउटर कोरडा पडला होता. वास नव्हता. नवऱ्यानं तो टेस्टरला नेऊन दिला आणि आम्ही पदरमोड करून नवा आणला. दोन महिन्यांत बाबांच्या गालावर मांस आलं. वाटलं, एका जिवाची भूक भागवली. बरं काम झालं.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

मागच्या महिन्यात लॅबमध्ये एक नर्स आली. घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळते. नमुना द्यायला आली होती. बोलता बोलता तिनं नाकात नळी घातलेल्या, मोबाइलवर लोकांना जेवताना बघणाऱ्या एका म्हाताऱ्यांचं सांगितलं. तेच ते, राउटरवाले. शेवटचं वर्षभर तीच त्यांच्याकडे होती.

"घशाचा आजार होता ना त्यांना?" मी म्हणाले.

"कसला आजार? घसा एकदम साफ. तीन डॉक्टरांनी बघितला. ते खायचेच नाहीत. म्हणायचे, सगळं उष्टं लागतं."

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला.

"कधीपासून?"

"पुतणीनं व्हिडिओ कॉलसाठी राउटर आणून बसवला, त्याच सुमारास. काय तो राउटर, कुठून जुना उचलून आणला होता. मेला सारखा चिकट व्हायचा. मीच पुसायचे रोज."

म्हणजे राउटरमधलं ते तोंड त्यांचं नव्हतंच.

ते म्हातारे भुकेले राहिले, ते बाबांसारखेच. आणि बाबांनी समोर बसवून, पोटभर, प्रेमानं जेवू घातलं... ते कुणाला?

मी तशीच टेस्टरकडे गेले. फळी रिकामी होती.

"तो? गेला की कधीच. कुणीतरी स्वस्तातला मागत होतं."

"कोण?"

"ताई, दिवसाला पन्नास जण येतात. कुणाकुणाचं तोंड लक्षात ठेवू?"

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना अजून वाटतं की त्यांनी एका दुबळ्या माणसाला तृप्त केलं. त्याच्या आठवणीसाठी ते रोज दुपारी ताटात एक घास बाजूला ठेवतात आणि उठतात. मी ताट उचलायला जाते. बहुतेक वेळा घास तसाच असतो, भाताचा, कोरडा.

काल तो ओला होता. आणि त्यावर दातांचे ठसे होते... बाबांच्या दातांपेक्षा खूप लहान.