सायीचा चोर आणि रंगवलेले पाटे

ग्लिगोरच्या हातात ब्रश आला की त्याची अक्कल रंगाच्या डब्यात बुडायची. ईस्टरच्या आधी सगळं स्कोरुश गाव झाडांच्या बुंध्यांना चुना लावतं, फाटकं रंगवतं आणि मग ब्रश धुऊन ठेवून देतं. ग्लिगोर ठेवत नसे. त्याने फाटक रंगवलं, विहिरीचं झाकण रंगवलं, कोंबड्यांचं खुराडं रंगवलं, आणि आपल्या आईची, फिरुता आजीची, बसायची खुर्चीसुद्धा रंगवली. ओली आहे हे सांगायला मात्र तो विसरला. यंदा एवढ्यावरही भागलं नाही. तो जुन्या जीपच्या खाली शिरला आणि छपराचा उरलेला जाड काळा रंग तिच्या पोटाला फासत दोन दिवस पडून राहिला.

"अरे, खाली कोण बघणार आहे?" आजीने विचारलं होतं.

"मी बघणार," तो म्हणाला होता.

आणि हाच माणूस दुधाच्या कॅनमध्ये मात्र डोकावून बघत नव्हता. सगळी रड तिथेच होती.

आजीच्या पाच म्हशी उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणात असत. म्हातारी रफिला तिथल्या झोपडीत राहून त्यांच्या धारा काढी. ग्लिगोर रांगत होता तेव्हापासून काढत आली होती. दुसरं घर तिला नव्हतं. रोज सकाळी ग्लिगोर जीप घेऊन वर जाई, रात्रीचं गार दूध भरलेले दोन कॅन घेऊन खाली येई आणि दूध संकलन केंद्रावर देई. यंदा मात्र केंद्रातून दूध दोनदा परत आलं. पाणचट आहे, स्निग्धता नाही. म्हशीचं दूध आणि पाणचट! तिसऱ्यांदा असं झालं तर नाव काढून टाकू, असंही त्यांनी बजावलं होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर ग्लिगोर फाटकात उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला, "आमची साय वरच्या वर जाते. वर कोण असतं ते मी सांगायला नको. शनिवारी रफिलाला गाठोड्यासकट खाली आणतो."

आजीला त्या रात्री झोप लागली नाही. रफिला चोरी करणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण नुसतं माहीत असून दूध घट्ट होत नाही. आणि मुलाशी भांडायचं तर अंगात त्राण हवं. ते उरलं नव्हतं.

मुलांच्या अंगात मात्र त्राण फार होतं. सुट्टीसाठी क्लुज शहरातून लेकीची दोन मुलं आली होती. दाकियान तेरा वर्षांचा आणि सांदा दहाची. त्यात ग्लिगोरची बारा वर्षांची इलिंका मिळाली की घरात उसंत नसे. सोमवारी तिघं ओसरीवर मक्याचा घाटा आणि चीज खात बसली होती.

"रफिलाआजी साय चोरून करेल काय? तिला तर दूध पचतही नाही," इलिंका म्हणाली.

"विकत असेल," दाकियान म्हणाला.

"कुणाला रे? अस्वलाला?"

सांदाने तोंडातला घास गिळला. "मला एक सांगा, केंद्रावरच्या मांजरी एवढ्या का सुटल्यात? नाताळात आलो होतो तेव्हा काड्या होत्या. आता चालताना पोट जमिनीला लागतं."

"तुला खाण्यापलीकडे काही सुचतं का?" दाकियान म्हणाला.

"नाही सुचत. म्हणून तर विचारतेय."

आत चुलीपाशी आजीचा हात थबकला. पोरगी बोलली ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलांबरोबर आजी स्वतः जीपमध्ये चढली. कमरेखाली दोन उशा घेतल्या, तरी वर पोचेपर्यंत तिचं एकेक हाड वेगळं मोजता आलं असतं. खाली येताना तर कहरच झाला. प्रत्येक दगडावर जीप उडायची आणि धाडकन आपटायची.

"मामा, माझी जी-जीभ चावली गेली," मागून दाकियान म्हणाला.

"मग तोंड बंद ठेव. ही जीप आहे, पाळणा नाही."

"मागच्या वर्षी अशी नव्हती, बाबा," इलिंका म्हणाली.

"मागच्या वर्षी तू लहान होतीस. उशीसारखी."

केंद्रावर दूध घेणाऱ्या लुक्रेत्सियाबाईंनी ते फडक्यातून गाळून घेतलं, फडकं दाराबाहेर झटकलं आणि स्निग्धतेचं माप घ्यायला लागल्या. झटकलं त्या जागी चार मांजरी धावल्या. त्यांच्याआधी सांदा पोचली. तिने दगडावरचा एक पांढरा खडा उचलला, हुंगला आणि तोंडात टाकला.

"शी, सांदा!" दाकियान ओरडला.

"लोणी आहे," सांदा म्हणाली. "चांगलं आहे."

आजीने कॅनच्या झाकणाखाली बोट फिरवलं. बोटाला पांढरं लोणी आलं. तिने ते ग्लिगोरच्या नाकासमोर धरलं.

"फेस आहे तो," ग्लिगोर म्हणाला. "आई, तू थकली आहेस. उन्हात बसू नकोस."

थकली होतीच. पण लोणी आणि फेस यांतला फरक न कळण्याइतकी थकली नव्हती. आज माप काठावर आलं, म्हणून लुक्रेत्सियाबाईंनी नाक मुरडत का होईना, दूध घेतलं.

संध्याकाळी तिघांची कुजबुज चालली होती. आजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. डोळे मिटले की मुलं मोकळं बोलतात.

"म्हणजे दूध वाटेतच घुसळलं जातंय," इलिंका म्हणाली. "साय कोणी काढत नाही. ती लोणी होऊन फडक्यात अडकते आणि मांजरी खातात."

"हे मामाला पटवायचं कसं?"

"एक कॅन जीपने, एक आपल्या खांद्यावर. दूध एकच. मग दोन्ही मोजायचे."

"खांद्यावर?" दाकियान म्हणाला. "माझ्या का तुझ्या?"

"दोघांच्या. काठीला अडकवून. सांदा पुढे चालून दगड दाखवेल."

"सांदा वाटेत दूध पिईल."

"पिईन," सांदाने कबूल केलं.

बुधवारी पहाटे वर कुरणात तिघांनी ग्लिगोरला सांगितलं, एक कॅन खांद्यावरून न सांडता खाली न्यायची पैज लागलीय. तो हसला. "न्या. सांडलंत तर रात्रीचं जेवण विसरा." रफिला झोपडीच्या दारात उभी होती. तिने काठीला लावायला एक जुनी घोंगडी आणून दिली, खांदा सोलवटू नये म्हणून. ज्या घरातून तिला चोर म्हटलं गेलं, त्याच घरच्या पोरांच्या खांद्याची ती काळजी करत होती. हे इलिंकाने घरी येऊन सांगितलं, तेव्हा आजीला उठून पाणी प्यावं लागलं.

पायवाटेने आलेलं दूध मापात उतरलं आणि लुक्रेत्सियाबाईंच्या भुवया वर गेल्या. घट्ट. जीपने आलेलं निघालं पाणचट, आणि फडकं भरून लोणी. दोन्ही एकत्र केल्यावर माप भरलं, म्हणून नाव तेवढं वाचलं.

"रफिलाने मुद्दाम केलं असेल," ग्लिगोर म्हणाला. "तुम्ही कुठला कॅन नेणार ते तिला माहीत होतं."

"नव्हतं, बाबा. आम्ही नाणं उडवलं."

"मग रस्ता खराब असेल. पण रस्ता काय यंदाच खराब झाला? मी फाटकात बोललोय. शनिवार म्हणजे शनिवार." आणि तो जीप तिथेच सोडून तरातरा निघून गेला. एकदा चारचौघांत बोलून बसलं की या घरच्या पुरुषांना मागे येताच येत नाही. त्याच्या बापाचंही तसंच होतं.

पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. रस्ता तोच, दूध तेच, मग यंदाच का? इलिंका केंद्रासमोर उभ्या असलेल्या पावाच्या गाडीखाली वाकून बघू लागली.

"काय शोधतेस?" दाकियानने विचारलं.

"हिचे कमानपाटे बघ. धक्के झेलायला एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या. जिथे घासतात तिथे चकचकीत झाल्यात. आता आपली जीप बघ."

दाकियान वाकला. जीपचे पाटे वरपासून खालपर्यंत एकसारखे काळेभोर. दोन पट्ट्यांमधली फटसुद्धा रंगाने बुजलेली. आणि त्या रंगाला केसाएवढाही तडा नव्हता.

"हलले असते तर रंग फुटला असता," तो सावकाश म्हणाला. "हे ईस्टरपासून सरकलेलेच नाहीत."

घरी इलिंकाने पत्त्यांचा कॅट वाकवून दाखवला. पत्ते एकमेकांवरून सरकले, कॅट सहज वाकला. मग तिने दोन्ही टोकं घट्ट चिमटीत धरली. आता कॅट फळीसारखा ताठ. "रंगाने पाटे चिकटवलेत. वर बाबांनी पाट्यांना धरणाऱ्या पट्ट्याही आवळल्यात. खडखड नको म्हणून."

"मामाला सांगू या," सांदा म्हणाली.

"माझ्या रंगाला ओरखडा काढाल, म्हणेल आणि गाडीला कुलूप लावेल," दाकियान म्हणाला. तिघांनी आजीकडे पाहिलं.

आजीने डोळे उघडले. "शुक्रवारी तो बाजाराला जातो. शेजाऱ्याच्या गाडीतून. माझ्या कमरेचे जे हाल झालेत, त्यांची परतफेड करायची आहे मला."

शुक्रवारी सकाळचं दूध पोचवून ग्लिगोरची पाठ वळली आणि अंगणात जॅक निघाला. आजी खुर्ची टाकून बसली. जीपचं अंग चाकांपासून वर उचललं, सांगाड्याखाली ओंडके लावले. "खाली कोणीही शिरायचं नाही. हात बाजूने घालायचे. ज्याचं डोकं आत दिसेल त्याला काठी," आजीने बजावलं. वजन सुटल्यावर पाट्यांनी जरा श्वास घेतला. इलिंकाने फटींत सुरीचं पातं घालून रंग कापला. कटकन आवाज झाला आणि पट्टी पट्टीपासून सुटली. मग तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, फटीत चरबी भरायची, पुढचा पाटा घ्यायचा. दाकियानने आवळलेल्या पट्ट्यांचे नट सैल केले, निघून पडणार नाहीत इतपतच. चार चाकांचे चार पाटे. दुपार कलली, बोटं सोलली, सांदा तर चरबीच्या डब्याला टेकून झोपलीच.

"पुरे का, आजी?" दाकियानने विचारलं. त्याला उभं राहवत नव्हतं.

"चौथा राहिला."

"आजी, तू फार कडक आहेस."

"माहीत आहे. चौथा घे."

शनिवारी सगळे वर गेले. ग्लिगोरने रफिलाचं गाठोडं जीपमध्ये टाकलं, तिला मागे कॅनजवळ बसवलं. तिने एकदाही मागे वळून म्हशींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथून तिचा पाय निघाला नसता. आजीला तिच्याकडे बघवेना.

जीप निघाली. पहिला दगड आला. जीप वाकली, उठली आणि पुढे सरकली. दुसरा आला. पुन्हा तेच. ग्लिगोरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"रस्ता केला वाटतं पंचायतीने," तो म्हणाला.

मागे तिघांनी एकमेकांची तोंडं दाबून धरली.

केंद्रावर लुक्रेत्सियाबाईंनी दूध गाळलं आणि फडकं झटकलं. मांजरी धावल्या, हुंगल्या आणि रुसून बसल्या. काहीच पडलं नव्हतं. बाईंनी माप घेतलं, मग पुन्हा घेतलं. "दोन्ही कॅन घट्ट. फिरुताबाई, या उन्हाळ्यात आलेलं सगळ्यात चांगलं दूध आहे हे."

"बघा," ग्लिगोर म्हणाला, "काल रात्री तिने भीतीने सायीला हात लावला नाही."

मग इलिंका पुढे झाली. तिने सगळं सांगितलं. मांजरी, लोणी, पैज, न फुटलेला रंग, चरबी. शेवटी ती म्हणाली, "रस्ता कोणी केलेला नाही, बाबा. पाटे सोडवलेत." रांगेतली माणसं जीपभोवती जमली. एकाने कडेवर पाय ठेवून अंग टाकलं. जीप लवली आणि परत वर आली.

लुक्रेत्सियाबाईंनी कपाळावर हात मारला. "उन्हाळाभर मीच मांजरींना लोणी चारत होते. आणि शोधलं कोणी, तर या पोरांनी. फिरुताबाई, पोरं हिऱ्यासारखी आहेत तुमची."

"पोरं बरी आहेत," आजी म्हणाली. एवढं कौतुक तिच्या तोंडून वर्षातून एकदा निघे. दाकियान कानापर्यंत लाल झाला.

रफिला गाडीतच बसून होती. गाठोडं मांडीवर, हात गाठोड्यावर. ग्लिगोर जीपच्या दाराशी उभा होता. चाकाकडे बघत होता, रंग कापलेल्या पाट्यांकडे बघत होता, मागच्या बाजूला तेवढं बघत नव्हता.

आजी दाराला धरून उतरली. कंबर दुखत नव्हती, पण थकवा होता, फार जुना. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ग्लिगोर, तू दुष्ट नाहीस. तू बघायला आळशी आहेस. गाडीखाली दोन दिवस पडून राहिलास, पण कॅनचं झाकण उघडायला तुला सवड झाली नाही. आळशी माणसाला मी आयुष्यभर जेवायला घालीन, पण आळशी माणसाने दुसऱ्याला चोर म्हणायचं नसतं. टोपी काढ, तिच्याकडे तोंड कर आणि माफी माग. आत्ता. आणि मोठ्याने माग, आळीला ऐकू जाऊ दे."