सर्वपित्रीची भरती

आईने मला जनीवहिनीची पिठाची चाळण परत द्यायला पाठवलं, एवढंच काम होतं. बनारसला चार वर्षं विज्ञान शिकून मी त्या ज्येष्ठात रेवसच्या धक्क्यावर उतरलो होतो. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही आणि गावालाही मानू द्यायचं नाही, असं बोटीतच ठरवलं होतं.

वहिनी ओट्यावर बसली होती. तिने चाळण घेतलीच नाही.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच, रघूभाऊ. मला आता गावातनं घालवतील."

तिचा नवरा भागोजी आमच्या खारबांधाची उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, सांभाळायचा. भरतीला लाकडी फळी खाली सोडायची, ओहोटीला डांबर लावलेल्या दोराने वर ओढायची, म्हणजे खाडीचं पाणी भातात शिरत नाही. त्या फळीखाली उजव्या हाताची शेवटची दोन बोटं त्याने फार पूर्वी गमावली होती. यंदा ज्येष्ठात तो तिथेच बुडाला. प्रेत मिळालं नाही. रिवाजाप्रमाणे दहाव्याच्या रात्री टोपलीखाली पीठ पसरलं. गेलेला कुठल्या जन्माला गेला त्याचा ठसा सकाळी पिठावर बघतात. पीठ कोरंच राहिलं. भागोजी कुठेच गेला नाही, असं गावाने ठरवून टाकलं.

मग उघाडी वहिनी सांभाळू लागली. आषाढी आणि श्रावणी अमावास्येला, भरदुपारच्या उधाणात, फळी आपोआप वर उचललेली सापडली. खाऱ्या पाण्याने चार खाचरं जळाली. भागोजीचा जीव बायकोत अडकलाय, असं म्हणून देवळात कौल लावला, पाकळी डावीकडे पडली. तिसऱ्यांदा असं झालं, तर जनीने त्याच दिवशी गाव सोडायचं.

"ओल्या पाकळीला डावंउजवं काय कळतं?" मी देवळात ओरडलो. "कुणीतरी माणूसच ती फळी उचलतोय. मी पकडून दाखवतो!"

"दाखव की," गावकर बाबाजी म्हणाले. "बनारसला भुतं पकडाय शिकवतात व्हय?"

सगळे हसले. तीन महिने हेच चाललं होतं. मी खरं सांगायचं आणि त्यांनी हसायचं.

सर्वपित्री अमावास्या आली. आठवडाभर पाऊस नव्हता, भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. वहिनीवर आळ नको म्हणून मी तिला घरी भागोजीच्या नावाचं पान वाढून झाल्यावर देवळात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसवलं. तीच चाळण घेऊन उघाडीच्या दोन्ही बाजूंना बांधभर तांदळाचं पीठ चाळलं. पाऊल पडलं की उमटणार. मग वीस पावलांवर खाडीकाठी वाढणाऱ्या भेंडीच्या मोठ्या झाडाखाली बसलो, हातात घड्याळ.

पाणी चढत होतं. फळी खाली, घट्ट. बाराला पाच कमी असताना चिखलातले खेकडे एकदम बिळात गेले. वारा पडला. पाण्याचा चुबुकचुबुक आवाजही थांबला. तंबाखूचा वास आला, ओल्या तागाचा आला... आणि दोर करकरला.

मी घड्याळात पाहिलं. बारा वाजून बावीस मिनिटं.

फळी वर होती. खारं पाणी घोगऱ्या आवाजात खाचरात पडत होतं. मी पिठाकडे धावलो. दोन्ही बाजूंनी पांढरं, सपाट. त्यावर मुंगीचीही रेघ नव्हती.

देवळातली माणसं खाचराच्या चिखलातून धावत आली. दोघांनी पिठावर पाय न देता फळी दाबून खाली बसवली. बाबाजींनी पीठ पाहिलं आणि हलकेच म्हणाले, "दहाव्यालाबी असंच कोरं व्हतं." मग वहिनीकडे वळले. "जने, गठुडं बांध."

ती चिखलातच खाली बसली.

माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. "फळी मी उचलली!" मी म्हणालो. "परीक्षा बघायला. मागच्या दोन्ही वेळाही मीच होतो. पीठ नंतर चाळलं."

हे त्यांना ताबडतोब पटलं! कुणी पुरावा मागितला नाही, कुणी हसलं नाही. बाबाजींनी माझ्या कानाखाली एक लावली. "शिकून येडा झाला बेणा," म्हणाले. वहिनीला राहू द्यायचं ठरलं आणि माणसं आली तशीच खाचरातून शिव्या घालत परतली. तीन महिन्यांचं माझं खरं वाया गेलं होतं. पहिलं खोटं बोललो ते गावाने डोक्यावर घेतलं. मला रडू येत होतं.

वहिनी मागे थांबली. "खोटं कशापायी बोललास, रघूभाऊ?"

"दुसरं काय करणार होतो? मी त्या झाडाखालून उठलोसुद्धा नाही, वहिनी. हे बघ, माझ्या हाताला..."

मी हात पुढे केले. दोन्ही तळवे डांबराने काळे झाले होते. दोराचा पीळ चामडीत उमटला होता. डाव्या हाताची पाचही बोटं काळी होती. उजव्या हाताची शेवटची दोन मात्र स्वच्छ, कोरी.

वहिनीने त्या दोन कोऱ्या बोटांकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे सरली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मान खाली घालून, अगदी हळू म्हणाली,

"अहो... चला. पान वाढून ठेवलंय."

ती पुढे चालू लागली. शपथेवर सांगतो, जायचं माझ्या मनात नव्हतं. पण तिच्यामागून निघालो, आणि बांधावरून पुढे गेल्यावर वळून पाहिलं. मी पिठातून चालत आलो होतो. पिठावर एकट्या तिची पावलं होती; माझ्या वाटेचं पीठ कोरंच होतं.