दहीभाताचा डबा

२९ डिसेंबर २००५, गुरुवार. पहाटेपासून दाट धुकं, वारा अजिबात नाही.

सुहासिनी आणि तिचा नवरा प्रसन्न सनीव्हेलहून निघाले ते एका थडग्याच्या शोधात. तिच्या वडिलांचे काका, प्रल्हाद, १९१४ साली कॅलिफोर्नियात बदामाच्या बागांत कामाला आले. १९३१नंतर त्यांचं पत्र नाही. नागपुरात अंथरुणाला खिळलेल्या नानांना, म्हणजे सुहासिनीच्या वडिलांना, एकच ध्यास होता. काकांची तिथी कळावी, आपल्या हातून एकदा तरी श्राद्ध व्हावं. डॉक्टरांनी फार तर उन्हाळ्यापर्यंतचं सांगितलं होतं.

बागांच्या मधोमध आयरिश शेतकऱ्यांची जुनी दफनभूमी होती. अगदी शेवटच्या ओळीत, कुंपणाला लागून, तो दगड सापडला. सुहासिनीने शेवाळ खरवडलं. प्रल्हाद. मृत्यू ८ मार्च १९३२. ती प्रसन्नकडे वळली.

"मिळाली रे तारीख..."

घरून आणलेला दहीभाताचा स्टीलचा डबा तिने उघडून दगडापाशी ठेवला. दोघं कावळ्याची वाट बघत राहिले.

"इथला कावळा दहीभात खाणार? बर्गर आणायचास," प्रसन्न म्हणाला.

"गप बस. ऐकतील ते."

पाखराचा आवाज नव्हता. फांद्यांवरून पाणी ठिबकत होतं. मग ओल्या मातीच्या वासात विडीचा धूर मिसळला.

"प्रसन्न... कोण आहे?"

"कोणी नाही... चल आता."

"दरवर्षी करू हं, काका," ती हळूच म्हणाली. कावळा आलाच नाही. डबा तिथेच ठेवून दोघं निघाले.

वीस मैलांवर पेट्रोल भरायला थांबले, तेव्हा तिने थर्मास काढायला मागचं दार उघडलं. सीटवर तो डबा होता. झाकण लावलेला, विसळलेला, बाहेरून ओला.

"तू आणलास?"

"नाही गं... मी तर तुझ्यापुढे चालत होतो. गाडी लॉक होती."

तिने झाकण काढलं. आत अकरा कोवळे बदाम होते, वसंतात लागतात तसे हिरवे, मखमली सालीचे. रस्त्यापलीकडे बदामाची झाडं धुक्यात निष्पर्ण उभी होती.

तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"आपल्या घरचेच," ती म्हणाली. "डबा रिकामा नाही पाठवला."

संध्याकाळी घरून तिने नागपूरला फोन लावून तारीख सांगितली. नाना म्हणाले, "आता झोप लागेल गं मला."

१ मार्च २००६, फाल्गुन शुद्ध द्वितीया, पंचांगातून निघालेली काकांची तिथी. नानांनी खाटेवर बसून श्राद्ध केलं. कावळा लगेच शिवला. सनीव्हेलच्या घरी डब्यात अकरा बदाम होते, हिरवेच.