आठ म्हणजे अजून

ही रचलेली गोष्ट नाही. ज्यांच्यावर ती गुदरली ते मास्तर आजही हयात आहेत, आणि इतक्या वर्षांत सांगताना त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे केलेला कुणी ऐकला नाही.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती.

पण डोंगरावरचं ते गाव धुक्यात असं बुडालं होतं, की दुकानांत दिवे लागले होते आणि समोरून येणारा माणूस आधी खोकल्यावरून कळायचा, मग दिसायचा.

मास्तर नातीचा हात धरून उतारावरच्या जुन्या, युरोपियन थाटाच्या रेस्टॉरंटमध्ये शिरले. नातीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरायचीच नाही. आणि ती आजोबांना 'मास्तर' म्हणे. सगळं गाव म्हणतं, मग मी का नको, हा तिचा सवाल. मास्तर वरवर रागवायचे. मनातून त्यांना ते फार आवडायचं.

सहलीच्या मुक्कामावरून निघताना सूनबाईंनी बजावलं होतं, "बाबा, तिच्यावरची नजर हलू देऊ नका. धुकं आहे, आणि ही कधी पळेल नेम नाही."

आत लाकडी जमीन होती, पांढरे टेबलक्लॉथ होते, कोपऱ्यात शेकोटी तडतडत होती. मागच्या बाजूला दरीकडे उघडणारं काचेचं दार. दुसरं गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

सूप झालं. मग भाजलेली कोंबडी आली, बटाटे आणि वाटाणे आले. भिंगरीने काटा मुठीत धरला, कुदळ धरावी तसा.

"काटा डाव्या हातात. सुरी उजव्या."

"उलटं धरलं तर पोट भरत नाही का, मास्तर?"

"भरतं. पण वाटाणे पळतात."

"पळू देत. मला नकोच आहेत ते." तिने एकेक वाटाणा प्लेटच्या कडेला सारून त्यांची रांग लावली.

मास्तरांनी जन्मभर पोरांना शिकवलं होतं. जेवणाच्या टेबलावरही त्यांना राहवेना.

"हे बघ. जेवता जेवता थांबायचं असेल, तर काटा-सुरी अशी ठेवायची. टोकं जवळ, मुठी लांब. कुठला आकडा झाला?"

"आठ."

"आठ म्हणजे अजून. अजून जेवतोय, प्लेट उचलू नका. आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली की?"

"अकरा."

"अकरा म्हणजे आटोपलं. मग वेटर न विचारता प्लेट घेऊन जातो."

भिंगरीने मान डोलावली. मग बोट दाखवून म्हणाली, "मग तिथे कोण अजून जेवतंय?"

खिडकीजवळच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एकीवर उंचीसाठी उशी ठेवलेली, लहान मुलाला ठेवतात तशी. तिच्यासमोर एकच प्लेट. बटाटे आणि वाटाणे, अर्धवट खाल्लेले. काटा-सुरीचा आठ.

माणूस कुणी नव्हतं.

आणि त्या बटाट्यांतून...

वाफ निघत होती.

कुणी हात धुवायला गेलं असेल, असं मास्तरांना वाटलं. पुडिंग कोणतं मागवावं म्हणून ते मेनूकार्डात डोकं घालून बसले.

तेवढीच काय ती नजर हलली.

"कुणीच येत नाही, मास्तर. आटोपलं यांचं."

त्यांनी मान वर केली. भिंगरी खिडकीजवळ उभी होती. नुकताच शिकलेला धडा गिरवावा तशी तिने त्या प्लेटमधली काटा-सुरी बोटांनी हळूच सरळ केली. शेजारी शेजारी.

अकरा.

शेकोटीची तडतड थांबली.

आणि उशीच्या समोरची रिकामी खुर्ची...

मागे सरकली.

लाकडी जमिनीवर पावलं वाजली. बाईच्या टाचांची, सावकाश. मग त्यांच्या जोडीला छोटी पावलं.

काचेचं दार उघडलं, मिटलं.

खिडकीजवळ भिंगरी नव्हती.

मास्तर धावत मागच्या बागेत आले. पुढे कठडा, कठड्यापलीकडे दरी, आणि सगळीकडे नुसतं पांढरं.

"भिंगरे, थांब तिथेच. मी आलो."

खडीवर दोघींची पावलं ऐकू येत होती. मग एकीचीच.

मग...

काहीच नाही.

ते आत परतले, तेव्हा त्यांच्या हाका ऐकून मालकीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. खिडकीजवळची प्लेट बघून त्यांचा चेहरा उतरला.

"ही काटा-सुरी कुणी जुळवली?"

"माझ्या नातीने. ती कुठे गेलीय? काय आहे हे?"

"माझ्या सासूबाईंच्या काळात एक बाई लेकीला घेऊन इथे जेवायला आली होती. पोर मध्येच उठून धुक्यात गेली, ती गेलीच. बाईने प्लेट उचलू दिली नाही. म्हणाली, माझी लेक अजून जेवतेय. मरेपर्यंत येऊन त्या खुर्चीवर बसायची. आणि नंतरही..." त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "म्हणून आम्ही प्लेट मांडतो. जेवण चालू आहे असं दिसलं, की ती बसून राहते. आता तिला वाटलं, लेकीचं आटोपलं. घेऊन जायला उठली."

मास्तरांनी काटा-सुरी पुन्हा उघडली. टोकं जवळ, मुठी लांब. आठ जमला.

ते तिथेच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने शेकोटी तडतडली.

काचेचं दार उघडलं, आणि भिंगरी आत आली. तोच फ्रॉक, तीच वेणी, केसांवर धुक्याचे थेंब.

मास्तरांनी हात पसरले. ती त्यांच्याकडे आली नाही.

ती उशीच्या खुर्चीवर चढून बसली. काटा डाव्या हातात घेतला. सुरी उजव्या.

आणि जेवू लागली. शांतपणे, पाठ ताठ ठेवून. बटाटे संपवले. वाटाणेही संपवले. एकही वाटाणा पळाला नाही.

समोरची रिकामी खुर्ची...

टेबलाशी सरकली.

शेवटी तिने काटा-सुरी जुळवून ठेवली. अकरा. उठून मास्तरांच्या हातात हात दिला. हात बर्फासारखा होता.

"चला, आजोबा," ती म्हणाली.

मालकीणबाईंनी मास्तरांची नजर टाळली आणि ती प्लेट उचलून आत नेली.

तेव्हापासून नात गुणी झाली आहे. एका जागी बसते, वेळेवर अभ्यास करते. सूनबाई म्हणतात, "त्या सहलीने पोरीला वळण लावलं, बाबा. तुमचीच शिकवण."

'मास्तर' अशी हाक त्यांना घरात पुन्हा कुणी मारलेली नाही.

त्यांच्या टेबलावर आता एक जास्तीची प्लेट असते. ते तीत रोज स्वतः वाढतात, आणि काटा-सुरी उघडी ठेवतात. "ही उचलू का?" सूनबाई विचारतात. "राहू दे," ते म्हणतात. नात मात्र कधी काही विचारत नाही. ती त्या प्लेटकडे बघते, आणि आपली काटा-सुरी जुळवते.

परवा जेवणात वाटाणे होते.

सगळे उठून गेल्यावर मास्तर हात धुऊन परत आले. जास्तीच्या प्लेटमधला आठ तसाच होता.

आणि प्लेटच्या कडेला...

एकेक करून सारलेल्या वाटाण्यांची रांग होती.