वाघधरेताईंचा विरोध

वाणीविज्ञान प्रयोगशाळेत प्रमिलाताई वाघधरे यांची व्हीलचेअर आणली गेली, तेव्हा तपासाचं काम सोपवलेल्या डॉ. इरावती सामक यांच्या मनात गुन्हा जवळजवळ ठरलेला होता. ताईंच्या यंत्रात कुणीतरी हात घातला होता; फक्त तो कुणाचा, हे शोधायचं होतं.

संशयाला कारणही तसंच होतं. पोलिओनं पाय गेलेल्या ताई तरुणपणी जिल्हा परिषदेच्या पायऱ्या हातांवर चढून सभेला गेल्या होत्या, कारण उतार बांधायला पैसे नाहीत असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पुढे आमदार, मग मंत्री. न्यायालयात बहिऱ्यांसाठी दुभाषे आले, अंधांना गुप्त मतदान करता आलं, ते त्यांच्या चिकाटीमुळे. पक्षाघातानं वाचा आणि हातही गेले, तरी 'वाणीसेतू' या यंत्राच्या आधारे त्या सभागृहात बोलत राहिल्या. वाचा गेलेल्या प्रत्येकाला हे यंत्र फुकट देणारं विधेयक त्यांनीच मांडलं होतं. आणि मतदानाच्या दिवशी त्यांच्याच यंत्रातून दोन शब्द आले : "माझा विरोध."

त्या दिवशी नेहमीचं यंत्र बिघडल्यामुळे सभागृहातलं राखीव यंत्र जोडलं होतं. सगळ्यांनी बोट त्याच्याकडेच दाखवलं. इरावतींनी ते सुटं करून तपासलं. त्यात कुणी ढवळाढवळ केल्याची खूण नव्हती.

वाणीसेतूचे निर्माते डॉ. फिरोज तांबोळी समोरच बसले होते. दोन्ही यंत्रांत फरक काय, असं इरावतींनी विचारलं.

"मेंदूतले संकेत दोन्ही सारखेच वाचतात," तांबोळी म्हणाले. "पण राखीव यंत्रात नसलेली पूरकस्मृती ताईंच्या यंत्रात आहे. त्यांची आयुष्यभराची भाषणं त्यात भरलीत. संकेत अस्पष्ट आला, की त्या जागी ताई बहुधा काय म्हणाल्या असत्या, ते यंत्र भरतं."

"आणि अलीकडे संकेत किती स्पष्ट येतात?"

आजार वाढत होता, संकेत क्षीण होत होते, असं तांबोळींनी कबूल केलं. पण भाषणं सुंदर होत होती. तक्रार कुणाचीच नव्हती, असंच यंत्र वापरणाऱ्या बाकीच्या रुग्णांचीही नाही.

इरावतींचा संशय आता दुसरीकडे वळला. त्यांनी दोन्ही यंत्रं बाजूला ठेवली, स्टूल ओढून ताईंसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, उत्तर 'हो' असेल तर डोळे मिटा. 'नाही' असेल तर उघडे ठेवा. विरोध तुमचाच होता?"

ताईंनी डोळे मिटले.

"त्याआधीची भाषणं तुमची होती?"

डोळे उघडेच राहिले. त्यांत पाणी आलं. सोबतची परिचारिका सवयीनं औषधाचे थेंब घेऊन पुढे झाली. ताई अधूनमधून असे डोळे मिटतात, उघडतात, ते कोरडे पडतात म्हणून, असं तिला सांगण्यात आलं होतं. यंत्र इतकं छान बोलत असताना त्या डोळ्यांकडे कोण बघणार? इरावतींनी तिला हातानंच थांबवलं.

मग त्यांनी ताईंचं नेहमीचं, दुरुस्त झालेलं यंत्र सुरू करून विचारलं, हे यंत्र तुम्हाला हवं आहे का? ताईंचा जुना खणखणीत आवाज खोलीत घुमला : "अवश्य. आमच्या वतीनं दुसऱ्या कुणी बोलावं, ही गोष्ट मी कधीच मान्य केलेली नाही."

ताईंचे डोळे सताड उघडे होते.

तांबोळी पुटपुटले, की हे वाक्य त्यांचंच आहे, शेकडो वेळा म्हटलेलं. इरावतींनी यंत्राची वायर उपटली. फळ्यावर बाराखडी लिहिली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवायला सुरुवात केली. हव्या त्या अक्षराला ताई डोळे मिटत. स्वतःची सुटका मागतील, निदान चौकशी तरी, असं इरावतींना वाटलं होतं. एकच वाक्य पुरं व्हायला दुपार सरली.

तांबोळींनी ते फळ्यावरून मोठ्यानं वाचलं.

"आधी बाकीच्यांची यंत्रं बंद करा आणि त्यांना विचारा."